पहिला मासा नदीचा

"जाय, घरी सांगजो, इथं खाणं चांगलं भेटते."

पहिला मासा नदीत परत सोडताना चाचा त्याला दर वेळी हे बजावायचे. तेही दोन्ही हातांनी, जेवून उठलेल्या पाहुण्याला दारापर्यंत पोचवावं तसं. मासा सुळकन निघून जायचा आणि चाचा माझ्याकडे वळून म्हणायचे, "आता येतीन पाहा सारे."

आर्णीत त्यांचं मोटारसायकलचं गॅरेज आणि माझं कापडाचं दुकान भिंतीला भिंत लागून. शुक्रवारची नमाज झाली की यांचं शटर खाली आणि स्वारी अरुणावतीच्या डोहावर. मीही दुकान बायकोवर सोपवून मागोमाग. तुम्ही त्यांचा थाट पाहिला असता तर हसला असता. काठी बांबूची, दोरी नायलॉनची आणि गरीला वजन म्हणून जळका स्पार्क प्लग. "प्लग गेला तुमचा," असं ते गिऱ्हाइकाला सांगायचे. कुठे गेला, ते मला ठाऊक असायचं.

पण नियमाचे पक्के. दिवसातला पहिला मासा नदीचा, हा त्यांच्या वडिलांचा नियम. आता नियम पाळायचा तर डोकं लावूनच ना! चाचा आधी कणकेची गोळी लावून काठाशी बोटभर मासोळी पकडायचे, तिला निरोप देऊन सोडायचे आणि मग खरी शिकार सुरू. मी एकदा म्हणालो, चाचा, ही तर नदीची फसवणूक झाली. ते म्हणाले, "नदी काही बोलत नाही, तू काहून बोलून राह्यला?"

मागच्या हिवाळ्यात त्यांची पोरगी पुसदहून बाळंतपणाला आली. नात झाली. गॅरेजसमोरून जाणाऱ्या प्रत्येकाला पेढा मिळाला, उधारी बुडवलेल्यांनासुद्धा. पण पोरीची अन्नावरची वासनाच उडाली. बाजारातून आणलेला धरणाचा मासा तिनं तसाच बाजूला सारला. लहानपणी अब्बा आणायचे तशी नदीची मरळ मिळाली तर दोन घास जातील, म्हणाली. दुसऱ्या दिवशी, शुक्रवार नसताना, चाचांनी शटर पाडलं. असं मी आजवर पाहिलं नव्हतं.

वाटेत ते माझ्यापुढे झपझप चालत होते. डोहावर पोचताच घाईघाईनं गरीला बेडकी लावली, मरळीला तीच आवडते, आणि फेकली. काही वेळानं काठी अशी वाकली की मी चपला टाकून धावलो. हातभर मरळ! काळी, चकचकीत, गवतात धपाधप उड्या मारत होती. मी नाचायचाच बाकी होतो. चाचांचा चेहरा मात्र उतरला.

कणकेची गोळी लावायची राहूनच गेली होती. दिवसातला पहिला मासा म्हणजे ही मरळच.

मी म्हणालो, चाचा, आज सोडा तो नियम, पोरीसाठी आहे, मी कुणाला सांगणार नाही. ते मरळीकडे पाहत बसले. मग हात ओले करून गरी काढली आणि मरळ पाण्यात नेऊन धरली.

"जाय," म्हणाले. "घरी सांगजो, पोरगी वाट पाहून राह्यली."

अंधार पडेपर्यंत बसलो. मिळाल्या त्या मूठभर बारीक मासोळ्या. घरी सगळं मीच सांगितलं, चाचांना तेवढा धीर नव्हता. पोरगी बापाकडे डोळे मोठे करून पाहत राहिली आणि मग जी हसत सुटली! बाळ दचकून रडायला लागलं तरी हिचं हसू थांबेना.

"अब्बा, रोज तुम्ही नदीले फसवता, आज तिनं तुमाले फसवलं."

आणि हसता हसताच तिनं त्या मासोळ्यांच्या रश्शासोबत भाकरी खाल्ली, वर आणखी मागितली. चाची दारात डोळे पुसत होत्या. चाचा आमच्याकडे पाठ करून कितीतरी वेळ हात धूत होते.

यंदा पोरीनं दोघांना पुसदला नेलं. नात चालायला लागली, घरभर उच्छाद मांडते, तिच्यामागे धावायला माणूस हवा. चाचांनी काठी मला दिली, प्लगसकट. एसटीच्या खिडकीत बसून ते मला माझ्याच गाडीचं ऑइल बदलायची आठवण करून देत होते. गाडी सुरू झाली तेव्हा मी खिडकीची दांडी धरून म्हणालो,

"जा चाचा. घरी सांगजा, इथं खाणं चांगलं भेटते."

ते इतके हसले की डोक्यावरची टोपी सरकली. गाडी चौकातून वळेपर्यंत त्यांचा हात खिडकीबाहेर होता, पाण्यात मासा सोडताना असायचा तसाच उघडा.