दाराबाहेरची बाहुली

आपल्या दुखणेकऱ्यांच्या गटातल्या सगळ्यांना नमस्कार. सुमनताई, गुडघा कसा आहे? बापूसाहेब, खोकला थांबला का? नीलू, झोप लागते ना गं?

इथे चंडीगडला माझ्या लेकीच्या आतड्यांचं जुनं दुखणं आज पुन्हा उसळलं. सकाळपासून ती बाथरूममध्येच. चार वर्षांची नात दाराबाहेर बसून बाहुलीला थोपटत होती, "रो मत, मम्मा का पेट दुखता है. हम यहीं खेलेंगे."

लेकीने ते आतून ऐकलं. बाहेर येऊन म्हणाली, "आई, हिचं बालपण या दाराशीच जाणार का?"

मी तिला निजवून पोटावर गरम पाण्याची पिशवी ठेवली. नातीने वर बाहुली झोपवली. "मम्मा, धीरे साँस लो, बेबी सो रही है."

हळूहळू कळ ओसरली. लेकीचे डोळे मात्र वाहतच होते.

असं दुखणं सोसत कुणी लेकरं वाढवलीत का? तिला काय सांगू? लवकर लिहा.