रंगूनची गिऱ्हाइकं

रंगूनला एकदाही न जाता रंगूनची इतकी माणसं ओळखणारा दुसरा गृहस्थ अख्ख्या सोलापुरात सापडला नसता. भवानी पेठेतले आमचे हे घरमालक हातमागावर चौकड्यांच्या लुंग्या विणत आणि एका व्यापाऱ्यामार्फत त्या ब्रह्मदेशात जात. घरात ते तेलुगू बोलत, माझ्याशी मराठी. पण मागावर बसले की तिसऱ्याच कुणाशी तरी पुटपुटत. लुंगी हातभर विणून झाली, की ती नेसणारा माणूस त्यांना समोर दिसे म्हणे! एकदा "मास्तर, हा लई जाडा हाय की," म्हणून त्यांनी एक लुंगी नेहमीपेक्षा चांगली हातभर जास्त लांब विणली आणि व्यापाऱ्याच्या शिव्या निमूट ऐकल्या. चार महिन्यांनी रंगूनच्या दुकानदाराचं पत्र आलं, ते मीच वाचून दाखवलं. कुठलीच लुंगी न पुरणाऱ्या एका गिऱ्हाइकाला ती बेतानं बसली होती. तशाच आणखी दोन हव्या होत्या. "दोन कशाला? एकच पुरंल," म्हणत त्यांनी एकच विणली. पुढच्या पत्रात ते गिऱ्हाईक वारल्याचं कळलं. भर दुपारी, सोलापूरच्या उन्हात, माझ्या अंगावर काटा आला. हे मात्र धोटा फेकत राहिले.

ब्रह्मदेश हिंदुस्थानातून वेगळा निघणार, हे वर्तमानपत्रांत येतच होतं. पण पेठेत त्याची फिकीर कुणाला? अशाच एका दुपारी खालची खटखट एकाएकी थांबली. मी धावत खाली गेलो. अर्ध्या लुंगीवर हात ठेवून ते भिंतीकडे बघत होते.

"मास्तर, समदे पाठमोरे झाले," ते म्हणाले. "हाक मारली, तरी कुणी वळंना."

पंधरा दिवसांनी व्यापाऱ्याचा निरोप आला. देश वेगळा झाला, आता मालावर जकात बसेल, म्हणून रंगूनवाले माल घ्यायला कचरत होते. बघता बघता गल्लीतले माग एकेक करून मुके झाले. कुणी गिरणीत गेलं, कुणी गाव सोडलं. आमच्या मालकांनी पोटासाठी लुगडी विणायला घेतली आणि त्यांच्या बायकोनं ती मंद्रूपच्या बाजारात नेऊन विकायला. "आता कोण दिसतं?" मी एकदा विचारलं. "कुणीच न्हाय," म्हणाले, आणि पुटपुटणंही बंद झालं.

एका बाजाराला एक हिरवं लुगडं उरलं. बाईंनी तेच नेसलं आणि अंगणात सूत वाळत घालू लागल्या. हे दारात उभे राहून कितीतरी वेळ बघत होते.

"मास्तर," ते हळूच म्हणाले, "इणताना ही दिसायला पायजे हुती की."