चढ आला की धरायचं

फूटपट्टीराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हतं. पण पडदे शिवणारा हा माणूस खिशात मोजपट्टी घेऊन हिंडायचा, पाहुणा म्हणून कुणाकडे गेला तरी आधी खिडकीकडे बघायचा आणि मग यजमानाकडे, त्यामुळे गल्लीनं ते नाव त्यांना चिकटवलं ते चिकटवलंच. आपल्या हातचा पडदा बोटभर तिरका लटकला, तर त्यांना झोप लागत नसे. त्यांच्या गाडीचं मात्र सगळंच तिरकं होतं आणि त्यावर ते खुशाल घोरत.

सात माणसं बसतील अशी, बुटकी, सरकत्या दाराची ती गाडी त्यांनी मुलगी शाळेत असताना जुनीच घेतली होती. सकाळी त्यात कापडाचे तागे, संध्याकाळी घरची माणसं. पुढे तिचा क्लच गेला, पाण्याचा पंप गळायला लागला, एसीनं कायमची मान टाकली. दर वेळी फूटपट्टीराव खर्चाचा हिशोब पडद्यांत करत. क्लच म्हणजे एका लॉजच्या सगळ्या खिडक्या, पंप म्हणजे दोन बैठकीच्या खोल्या. "नाकापेक्षा मोती जड झालाय," बायको म्हणायची. ते म्हणायचे, "चालतीये ना? मग बोलायचं नाही."

त्यांचा नियम सरळ होता. जे बिघडल्यानं गाडी थांबते ते दुरुस्त करायचं, बाकीचं चालवून घ्यायचं. सरकतं दार त्या 'बाकीच्या'त पडलं.

"लॉक झिजलंय काका, खालचा रोलरही गेलाय," गॅरेजचा मिस्त्री दर वर्षी सांगायचा. "दोन्ही एकदमच बदलावं लागेल."

"किती?"

मिस्त्री आकडा सांगे. फूटपट्टीराव मनात पडदे मोजत आणि एक अख्खा दवाखाना भरून जाई.

"गाडी तर चालतीये ना?"

"चालतीये. मी दाराचं बोलतोय."

"मग पुढच्या खेपेला बघू."

एकदा मिस्त्री हातातलं फडकं बाजूला ठेवून म्हणाला, "क्लच गेला तर गाडी थांबते काका. दार गेलं तर गाडी थांबत नाही, ती चालतच राहते." फूटपट्टीराव हसले. असल्या बोलण्यानं गिऱ्हाईक घाबरतं, हे त्यांनाही धंद्यातून ठाऊक होतं.

शिवाय दारावर त्यांनी स्वतःचा इलाज काढला होता. सपाट रस्त्यावर दार गुमान बसून राही. चढावर मात्र लॉक सुटे आणि दार घरंगळत मागे जाई. म्हणून घराजवळच्या चढाशी आले की ते ओरडत, "चढ!" दाराशी बसलेली मुलगी आतली मूठ पकडून ओरडे, "धरलं!" वर पोचल्यावर ते म्हणत, "शाब्बास!" घरात ही मोठी गंमत होती. मुलगी लग्न होऊन गेली तेव्हा त्यांनी पडद्याच्या दोरीनं मूठ पुढच्या सीटला बांधून टाकली. "चढ!" मात्र ते एकटे असले तरी ओरडत. जित्याची खोड!

यंदा मुलगी सुटीला आली ती चार वर्षांच्या लेकाला घेऊन. जेवताना तिनं दाराची गोष्ट रंगवून सांगितली आणि पोराला खेळच मिळाला. दुपारभर तो कपाटाचं दार धरून उभा.

"चढ!" आजोबा खुर्चीतून ओरडत.

"धरलं!"

"आणि काय वाटेल ते झालं तरी?"

"सोडायचं नाही!"

"शाब्बास!" फूटपट्टीरावांच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. एवढं सुख त्यांना कित्येक दिवसांत झालं नव्हतं.

संध्याकाळी तिघं बाजारात निघाले. जाता जाता एका गिऱ्हाइकाकडे पडद्याचे दांडे टाकायचे होते. ते टपावर चढवले आणि बांधायला दोरी कमी पडली, म्हणून त्यांनी दाराची सोडून घेतली. नातवाला दाराशी बसवलं. शेजारच्या सीटवर पडद्यांची गाठोडी होती, म्हणून मुलगी पुढे बसली. नातवाचा पट्टा त्यांनी स्वतः लावला, दोनदा ओढून पाहिला. दार लोटलं तर ते खट्ट करून बसलं. इतक्या वर्षांत बसलं नव्हतं इतकं छान बसलं.

"बाबा, दोरी?" मुलीनं विचारलं.

"आज कसं बसलंय बघ की. आणि पट्टा लावलाय."

मुलीनं मागे वळून पाहिलं. पट्टा खरंच लावलेला होता. ती पुन्हा पुढे वळून बसली.

चढ आला. फूटपट्टीरावांनी गिअर बदलला आणि तोंडातून आपसूक निघालं, "चढ!"

मागून आधी एक बारीकसा आवाज आला, पट्टा सुटल्याचा. पट्टा लावून एवढासा हात मुठीपर्यंत पोचत नव्हता.

"धरलं!"

ब्रेकवर पाय जायच्या आत लॉक सुटलं. दार घरंगळत मागे निघालं आणि मूठ धरलेलं पोर त्याच्याबरोबर.

"सोड!" फूटपट्टीराव किंचाळले. "सोड ती मूठ!"

पोरानं दोन्ही हातांनी आणखी घट्ट धरली. मुलगी सीटवरून मागे झेपावली आणि तिच्या हाताला शर्टाची कॉलर लागली. तोवर पोराचे पाय दाराबाहेर गेले होते, खाली रस्ता पळत होता. गाडी कडेला थांबली तेव्हा मागून येणारा ट्रक भोंगा वाजवत दाराला घासून निघून गेला.

मुलीनं पोराला आत ओढून छातीशी धरलं. त्याचा एक बूट रस्त्यावर पडला होता, त्याचा चेंदामेंदा झाला होता. ती बापाकडे बघत नव्हती.

पोर तेवढं आईच्या खांद्यावरून त्यांच्याकडे बघत होतं. त्याची बोटं अजून मिटलेलीच होती.

"आजोबा, मी सोडलं नाही," ते म्हणालं, आणि शाब्बासकीची वाट बघत राहिलं.