दर्याचा दुसरा काठ

कोकणातल्या त्या गेस्ट हाउसचं काम आमच्याकडे आलं तेव्हा मी समुद्र पाहिलेला नव्हता. आमच्या शहरात ही काही लाज वाटण्यासारखी गोष्ट नाही. पुष्कळांनी पाहिलेला नसतो. पण औरंगपुऱ्यातल्या ज्या इंटिरियरच्या ऑफिसात मी नोकरीला होते तिथं ती एकदा कळली, आणि मग दर चहाला मला ती नव्यानं सांगावी लागू लागली.

"खरंच नाही पाहिला? एकदा पण?"

"नाही."

"आणि डिझाइन तू करणार!"

हे म्हणायच्या त्या मॅडम, ऑफिसच्या मालकीण. डिझाइन मला त्यांनीच दिलं होतं, कारण कॉम्प्युटरवरचं काम मला येत होतं आणि मी उलट बोलत नसे. वर एक आश्वासन दिलं होतं: सामान लावायला सगळे कोकणात जातील तेव्हा मलाही नेणार. त्या वाक्यावर मी पावसाळाभर काम केलं. माझे वडील दर दिवाळीला कोकणात जायचं ठरवत आणि आम्हाला खुलताबादला नेऊन आणत. त्यामुळे मॅडमचं वाक्य मी घरी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं की गोष्टी रद्द होतात असं मला वाटायचं.

गेस्ट हाउसचे मालक पैठण रोडवरच्या बागायतदार घरातले. सगळे त्यांना दादा म्हणत. हसरा, धिप्पाड माणूस. बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात टाकायचा. कोकणातली ती इमारत त्यांनी न बघता घेतली होती आणि घेतल्यावर कळलं की तिच्या आणि समुद्राच्या मधे दुसऱ्याचं हॉटेल आहे.

"मॅडम, गिऱ्हाईक खिडकी उघडतंय आन् समोर परक्याच्या चड्ड्या वाळत्यात," ते म्हणाले. "म्हणून समुद्र आत पाहिजे. लई पाहिजे. बाहेरचा इसरला पाहिजे मानूस."

मग आम्ही समुद्र गोळा केला, सगळा इथूनच. शिंपले देवपूजेच्या दुकानातून. काचेच्या बरण्यांत घालायची वाळू गोदावरीची. लाटांनी झिजलेलं लाकूड म्हणून बाभळीची खोडं सोड्याच्या पाण्यात भिजवून तारेच्या ब्रशनं घासून घेतली. जाड दोरखंड आणायला मी जुन्या बाजारात गेले, तर दुकानदारानं विचारलं, "बैलाला का म्हशीला?"

मी म्हटलं, "भिंतीला."

त्यानं दोर मोजून दिला, पण मी दुकानाच्या पायऱ्या उतरेपर्यंत आत हसण्याचा आवाज येत होता.

माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं. तिथं मराठी बोललं की वर्गाबाहेर उभं करत. ऑफिसात नेमकं उलटं होतं. माझ्या शेजारी बसणारी सीनियर, जिला मी ताई म्हणायचे, ती मला "मिस" म्हणायची आणि मी तोंड उघडलं की पेन खाली ठेवून ऐकायची. एकदा खोल्यांना मराठी नावं द्यायची म्हणून मॅडमनी विचारलं, "सांग गं, भरती म्हणजे काय?"

आमच्या गल्लीतली मुलं रोज पहाटे मैदानावर धावायची, ती भरतीसाठी. मी म्हटलं, "पोलीस भरती."

ऑफिस दोन दिवस हसलं. ताई म्हणाली, "मग ओहोटी म्हणजे काय मिस, नापास झालेले?" प्लंबर आला, त्यालाही सांगितलं. दादांना फोनवर सांगितलं. तेव्हापासून दादाही मला मिस म्हणू लागले. माझ्या मराठीबद्दल ऑफिसचं मत त्या दिवशी पक्कं झालं, आणि पुढं जे झालं त्यात ते फार उपयोगी पडलं.

जेवणघरातली मोठी भिंत हा त्या कामाचा मुख्य भाग होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत समुद्र रंगवायचा, प्लायवूडच्या फळ्यांवर, इथंच. मग फळ्या टेम्पोनं तिकडे न्यायच्या. काम दिलं जुन्या शहरातल्या एका पेंटर चाचांना. ते लग्नाच्या हॉलचे पडदे रंगवायचे, त्याआधी दुकानांच्या पाट्या. मॅडमनी माझ्यासमोरच त्यांना फोन लावला, स्पीकरवर.

"चाचा, पूरी दीवार पे दर्या होना. एकदम नीला. नाव-बिव डालो."

"दरिया? हौ, डालते ना. कित्ता चौडा?"

"दीवार भर के. और किनारा अच्छा बनाओ."

"किनारे तो रहतेच, मॅडम. आप फिकर नक्को करो."

मी म्हटलं, फोटो पाठवू का. मॅडम म्हणाल्या, नको, फोटो दिला की हे लोक फोटोच उतरवतात, त्यांच्या मनातला येऊ दे. मी फक्त रंगांचं कार्ड पाठवलं.

समुद्राला दर्या म्हणण्यात मॅडमना कोळीगीतांचा वास येत असावा. चाचांच्या बोलीत दरिया म्हणजे नदी. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. मला त्या वेळी यातला एकही शब्द माझा वाटत नव्हता, म्हणून मला काही खटकलंही नाही.

भिंत बघायला आम्ही सगळे चाचांच्या घरामागच्या शेडमध्ये गेलो. मॅडम, ताई आणि मी; दादा तर खास गाडी काढून आले होते. चाचांनी चादर ओढली.

गोदावरी होती. निळी, रुंद, सुंदर. अलीकडे वाळू, पलीकडे दुसरा काठ, काठावर चिंचा, एक घाट, घाटावर धुणं. मधे बांबूनं रेटायची नाव. आणि उजव्या कोपऱ्यात पाण्यात बसलेल्या तीन म्हशी.

दादा त्या कोपऱ्यापाशी गेले. मग म्हणाले, "मॅडम, समुद्रात म्हशी कवापासून डुंबाय लागल्या?"

ताई तोंडावर ओढणी धरून हसली. चाचांनी एकेकाचं तोंड पाहिलं. "दरिया बोले ना तुम," ते म्हणाले. "दरिया में भैंसां नै बैठतीं तो किधर बैठतीं?"

"चाचा, समुंदर पाह्यला का कधी?"

"नै देखा."

"लई भारी. पेंटरनं नाय पाह्यला, डिझाइनवालीनं नाय पाह्यला. माझं हॉटेल आंधळ्यांनी बांधलं म्हणायचं."

ते हसत होते, पण मॅडमच्या खांद्यावरचा हात त्यांनी काढून घेतला होता. मॅडमना ते कळलं. त्या वळून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "मी हिला सांगितलं होतं नीट समजावून सांग म्हणून. इंग्रजी शाळेतली हो. ना मराठी धड, ना हिंदी. भरतीचं माहितीये ना तुम्हाला?"

चाचांनी मान वर केली. "फोन तो—"

"चाचा," मॅडम गोडपणानं म्हणाल्या, "दिवाली के बाद वो बड़े हॉल का भी काम है अपना."

चाचांनी ब्रश फडक्याला पुसला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हौ. छोकरी ने बोला होगा."

मी उलट बोलत नाही हे चाचा सोडून सगळ्यांना माहीत होतं; आता त्यांनाही कळलं.

दादांचा मूड परत आला होता. "मिस, तुम्ही नका येऊ कोकणात. तुम्हाला आमच्या नाथसागरावर सोडतो, धरणावर. तिथं बी पाणीच हाय, आन् म्हशी बी भेटत्यात."

त्यावर मॅडम सगळ्यात मोठ्यानं हसल्या, आणि त्या हसण्यातच माझं जाणं रद्द झालं. वेगळं सांगायची कुणाला गरज वाटली नाही. परत येताना गाडीत ताई म्हणाली, "तुला त्रासच झाला असता गं एवढ्या प्रवासाचा. गाडी लागते ना तुला?" मला कधीच गाडी लागलेली नाही.

दुसऱ्या दिवसापासून मला शेडमध्ये बसवलं, चाचांवर लक्ष ठेवायला. पलीकडचा काठ पुसून तिथं पाणी करायचं होतं. घाट गेला, धुणं गेलं, चिंचा गेल्या.

"समुंदर का दूसरा किनारा नै रहता?" त्यांनी कुरकुरत विचारलं.

"रहता है. दिखता नहीं."

"फिर खतम कहाँ करना?"

मी खांदे उडवले. म्हशींचे त्यांनी खडक केले. मी म्हटलं, खडकांना अजून कान आहेत. त्यांनी कान खरवडले. मी म्हटलं, अजून दिसतात. त्यांनी पुन्हा खरवडले, या वेळी फळीचं लाकूड निघेपर्यंत. कान पहिल्याच वेळी गेले होते.

फळ्या गेल्या, माणसं गेली. मी ऑफिसात फोन घेत बसले. आठवड्यानं ताई उन्हानं सोललेलं नाक घेऊन परत आली. मी विचारलं, कसा असतो? "मोठा असतो," ती म्हणाली. "तुला असं सांगून नाही कळायचं."

मग उद्घाटनाच्या आधी दादांचा फोन आला. भिंत सगळ्यांना आवडली होती, ते खुशीत होते. "मिसला बी आणा. तिनं पाह्यला नाय ना? गंमत करू." मॅडमनी फोन ठेवला आणि म्हणाल्या, बघ, किती चांगला माणूस आहे. मी घरी सांगितलं. आईनं प्रवासासाठी धपाटे करून दिले.

गंमत अशी ठरली होती की मी समुद्र बघताना सगळ्यांनी मला बघायचं. गेस्ट हाउसच्या दारातच ताईनं माझ्या डोळ्यांवर ओढणी बांधली. मला दंडाला धरून चालवलं. पायाखाली फरशी, मग खडी, मग वाळू. दादांचे भाऊ, पुतणे, त्यांच्या बायका, आचारी, सगळे पुढं जाऊन उभे राहिलेत हे आवाजावरून कळत होतं. "फोन आडवा धर रे," कुणीतरी म्हणालं.

ओढणी सोडली. समोर फोन धरलेल्या माणसांची रांग, माझ्या तोंडाकडे बघणारी. त्यांच्या खांद्यांच्या मधून काहीतरी करडं हलत होतं.

"रडती का बघा!"

"हसती, हसती."

मी हसले नाही. तोंडावर काही म्हणजे काही येऊ दिलं नाही. शाळेत वर्गाबाहेर उभं राहून मी ते शिकले आहे. मला तेवढंच येत होतं त्या वेळी, आणि त्यालाच सगळी ताकद लागत होती. मान थोडी उचलली असती तर दिसला असता. पण मान उचलली की चेहराही उचलला गेला असता.

"अरे, ही तर दगड हाय," दादा म्हणाले. त्यांचा खरोखर हिरमोड झाला होता. "मिस, एवढं आणलं तुम्हाला! परत घ्या रे. बांधा पट्टी."

मॅडम माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "जरा आनंद दाखव. माझी अब्रू आहे."

पट्टी पुन्हा बांधली, मला चार पावलं मागं नेलं, पुन्हा आणलं. या वेळी सोडल्यावर मी डोळे मोठे केले, तोंडाचा आ केला आणि दोन्ही हात गालांवर ठेवले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एका वहिनींनी तर मला जवळ घेतलं. मग नाश्ता गार होतोय म्हणून सगळे आत वळले, आणि वहिनींचा हात माझ्या पाठीवर तसाच असल्यामुळे मीही वळले.

जेवणघरात मला त्यांनी चाचांच्या भिंतीकडे तोंड करून बसवलं.