हिल्केमावशीचा ओव्हरकोट

हिल्केमावशी घरात ओव्हरकोट घालून बसली, की हार्लेमच्या आमच्या गल्लीत सगळ्यांना कळायचं, बाई ट्यूलिप रंगवतेय. उबेत हे फूल भसाभस उमलतं, म्हणून ती खोलीत शेगडी पेटूच द्यायची नाही. आधी जलरंगाचे पातळ थर, मग पाकळीच्या कडेला गुआश या दाट, अपारदर्शक रंगाची पांढरी रेघ. एका फुलाला चार दिवस!

त्या वर्षी बागायतदार यूरियनच्या ट्यूलिपच्या नव्या जातीला एकच फूल आलं. मावशीचं त्या फुलाचं चित्र होत आलेलं असतानाच यूरियनने कॅटलॉगसाठी फोटोग्राफर आणला.

"मावशी, सरका. माझं दहा मिनिटांचं काम," म्हणत फोटोग्राफरने दोन मोठे दिवे लावले.

"अरे, विझव ते! फूल आहे, पाव भाजतोयस का?"

तो हसला. कॅमेरा लावेपर्यंत फूल बशीसारखं सपाट झालं आणि पाकळ्या टेबलावर गळल्या. यूरियन पाकळ्या गोळा करत मुसमुसू लागला.

मावशीने कोटाची बटणं लावली, ब्रश हिरव्या रंगात बुडवला.

"रडतोस काय? पाकळ्या कालच झाल्यात माझ्या. देठ तेवढा राहिलाय, तो ताठ उभा आहे. खिडकी उघड, आणि या भट्टीवाल्याला घेऊन बाहेर हो."

कॅटलॉगच्या मुखपृष्ठावर तेच चित्र आलं.