रुमालाखालचा भाव

डिग्री विकत घेण्याआधी तुम्ही तिचे दात तपासले होते का? नसतील तपासले तर तुम्ही फसलात, असे माझ्या मैत्रिणीचे वडील तुम्हाला तोंडावर सांगतील. उदगीरच्या जनावरांच्या बाजारात बैल-म्हशींचे सौदे जुळवण्यात त्यांचे आयुष्य गेले. जगातली कोणतीही वस्तू ते भाव केल्याशिवाय घेत नाहीत आणि भाव करून घेतलेली कोणतीही वस्तू त्यांना घरी आणल्यावर पसंत पडत नाही. त्यांना सगळे अप्पा म्हणतात. अप्पांचा होकार मराठीत असतो आणि नकार कन्नडमध्ये. "ब्याड" म्हणाले की नको. त्यानंतर देव आला तरी सौदा होत नाही.

आमच्याकडे जनावराचा भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांनी हात हातात घ्यायचे, वर रुमाल टाकायचा आणि आतल्या आत बोटे दाबून आकडा सांगायचा. भोवती बाजारभर माणसे उभी असली तरी कुणाला काही कळत नाही. रुमालाखाली जे ठरले ते बाहेर सांगायचे नाही, हा बाजाराचा कायदा. अप्पांनी हा कायदा सगळ्या जगाला लागू केला. न्हाव्याच्या हातावर रुमाल टाकला, लग्नातल्या बँडवाल्याच्या हातावर टाकला. एकदा एसटीच्या कंडक्टरच्या हातावरही टाकला. कंडक्टरने शांतपणे तो उचलला, त्याने घाम पुसला आणि पूर्ण तिकीट फाडले.

लातूरला रेल्वेने पाणी आले त्या साली अप्पांची मुलगी महानंदा बारावी झाली. बाजारात विकणाऱ्यांची रांग होती आणि घेणारा औषधालाही नव्हता. अप्पा दिवसभर झाडाखाली बसून दुसऱ्यांच्या जनावरांच्या बरगड्या बघत. अशात पोरीने जाहीर केले की मला बायोमेडिकल इंजिनिअर व्हायचे आहे.

"ते काय असतंय?"

"दवाखान्यात मशीनी असतात ना अप्पा, त्या बनवायच्या. बिघडल्या की नीट करायच्या."

"म्हंजी मशीनीचा डॉक्टर."

"हाव."

"मग सरळ माणसाचा डॉक्टर व्हायला काय झालतं?"

"मार्क," महानंदा म्हणाली.

बैल घेताना अप्पा त्याला चालवून बघतात. डिग्रीलाही चालवून बघायचे त्यांनी ठरवले आणि आम्हा दोघींना घेऊन ते गावातल्या एका दवाखान्यात गेले. तिथे एका मशीनवर चादर पांघरलेली होती.

"ही आजारी हाय का?" त्यांनी कंपाउंडरला विचारले.

"बंद हाय."

"कोन नीट करतंय?"

"पुण्याचा मानूस येतो."

"कवा?"

"येतो तवा येतो."

बंद पडलेली वस्तू बघून एवढा खूश झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. बाहेर येऊन ते मला म्हणाले, "गिऱ्हाईक हाय. दुकानदार न्हाई."

त्यातच उदगीर जिल्हा होणार, अशी हवा होती. ही हवा आमच्याकडे मतदानाआधी सुटते आणि निकालाच्या दिवशी पडते. पण अप्पांचा हिशेब तयार होता. जिल्हा झाला की मोठा सरकारी दवाखाना येणार, दवाखाना आला की मशीनी येणार, आणि सरकारी मशीन बिघडली नाही असे कधी झाले आहे का? मी तेव्हा विद्यार्थी चळवळीत होते. मी म्हणाले, "अप्पा, जिल्हा होत नसतो. नुसते बॅनर लागतात." ते म्हणाले, "तू पत्रकं वाटत हिंड. गाभन म्हशीचा भाव पोटातलं वासरू धरून करायचा असतोय. आधी जिल्हा गाभन हाय का नुसता फुगलाय, ते बघाय पाहिजे." आणि खरेच ते एका पुढाऱ्याला गाठून आले.

"काय म्हणाला?"

"चहा पाजला."

"मग?"

"फुगलाय. खरंच गाभन असता तर चहा पाजला नसता, भाव वाढवला असता."

मला वाटले, आता "ब्याड" येणार. महानंदालाही तसेच वाटले. ती दोन दिवस जेवली नाही आणि अप्पांनी तिच्या ताटाकडे बघायचे टाळले. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "चला नांदेडला. कालिजाचे दात बघू."

कॉलेज खाजगी होते. दारात कारंजे होते आणि त्या दुष्काळात ते चालू होते, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. विभागाचे प्रमुख देगलूरकडचे, म्हणजे आमच्याच जनावरांच्या बाजारपट्ट्यातले निघाले. भिंतीवर टाय लावलेल्या पोरांचे मोठमोठे फोटो होते. सर एकेका फोटोवर बोट ठेवून कंपन्यांची नावे सांगू लागले. अप्पांनी सगळे ऐकून घेतले, खिशातून रुमाल काढला आणि सरांचा हात हातात घेतला.

"फी कमी होत नाही हो अप्पा," सर म्हणाले.

"फीचं इचारीत न्हाई. पोर शिकून निघाल्यावर तिचा भाव काय, तेवढं सांगा."

सरांनी दाराकडे बघितले. मग रुमालाकडे बघितले. देगलूरच्या माणसाला रुमाल समजावून सांगावा लागत नाही. तोंडाने ते फोटोतल्या पोरांचे कौतुक करत राहिले आणि रुमाल एकदा हलला, थांबला, पुन्हा थोडासा हलला. अप्पांनी हात सोडला, रुमालाची घडी घातली आणि सरांना नमस्कार केला. मी आजवर शिक्षणाच्या बाजाराविरुद्ध पुष्कळ घोषणा दिल्या, पण तिथे खरे बोलायचे तर हात झाकावे लागतात, हे मला त्या दिवशी दिसले.

परतीची एसटी जळकोटला आली. मग महानंदाने विचारले, "सर काय म्हणाले?"

"रुमालाखालचं सांगत नसतात."

"अप्पा, मी म्हैस न्हाई."

"म्हैस असतीस तर तिथंच ब्याड म्हणून उठलो असतो," अप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले.

त्या आठवड्यात त्यांनी दावणीची देवणी बैलजोडी पडेल भावात विकली आणि पोरीला नांदेडला पोचवून आले.

महानंदा शिकली. आता ती पुण्याच्या एका कंपनीत आहे, गावोगावच्या दवाखान्यांत मशीनी दुरुस्त करत फिरते. तिने पहिला पगार फोनवर सांगितला तेव्हा अप्पा म्हणाले, "सर खरं बोलला." जिल्हा अजून झालेला नाही. अप्पा थकलेत, बाजाराला जात नाहीत. सकाळी दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्या नर्सला विचारतात, "काय बिघडलंय का?" बिघडले असले की लग्न ठरल्यासारखा महानंदाला फोन लावतात. कंपनी कधी महानंदाला पाठवते, बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाला. दुसरा आला की अप्पा त्याला चहा पाजतात, घर कुठे, आईवडील कुठे, हे विचारतात आणि काम संपेपर्यंत त्याच्याजवळ बसून राहतात.

आमच्या पोरी शिकल्या, पण त्यांना परत यायला इथे जागा नाही. म्हणून एवढे करा. उद्या तुमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जा, कोणकोणत्या मशीनी बंद आहेत ते विचारा, आणि दुरुस्तीचा इंजिनिअर इथेच कायमचा नेमा, असा अर्ज द्या. अर्ज घ्यायला टाळाटाळ करतील, उद्या या म्हणतील, चहाही पाजतील. पोच घेतल्याशिवाय उठू नका.