वरच्या डेकवरची जागा

पहाटे चारला काशीराम मोचेमाडकराचा दिवस सुरू व्हायचा. गजर लागायचा नाही. घाटकोपरच्या भटवाडीत नळाला पाणी त्याच सुमाराला यायचं, आणि पाणी भरून झालं की काशीराम दाराशी पाट टाकून बॅगा शिवायला बसायचा. शिलाईचं काम सकाळचंच. हात ताजा असतो, डोळा स्वच्छ असतो, टाका सरळ पडतो. जानकी शेजारी बसून धाग्याला मेण लावून द्यायची. मेण कमी पडलं तर धागा ओढताना कातडं कुरकुरतं. जानकीच्या धाग्याने कधी कुरकुर केली नाही.

आठ वाजता तो मुलुंडला, पाच रस्त्याजवळच्या आपल्या टपरीवर असायचा. बॅगा बनवणारा कारखाना बंद पडला तेव्हा साहेबांनी सगळ्यांना चहा पाजून घरी पाठवलं होतं. काशीरामने हिशेबात हातोडी, आरी आणि रिव्हेटच्या दोन पेट्या मागून घेतल्या आणि टपरी टाकली. चेन बदलणं, चाक बसवणं, हँडल दुरुस्त करणं, एवढाच धंदा. पण बॅग परत गेली की त्याच दुखण्यासाठी पुन्हा आली नाही पाहिजे, हा त्याचा कायदा. एखादं गिऱ्हाईक म्हणायचं, "तात्पुरतं करून द्या हो." काशीराम बॅग परत ढकलायचा. "तात्पुरतं दुसरीकडे करून मिळेल."

जग कुठे चाललंय ते त्याला बॅगांवरून कळायचं. पूर्वी हँडलला एसटीची धूळ असायची. मग विमानाच्या चिकटपट्ट्या आल्या. आणि अलीकडे वेगळ्याच पट्ट्या दिसायला लागल्या: जाड कागद, त्यावर जहाजाचं चित्र, मजल्याचा आकडा, खोलीचा आकडा. आधी वर्षाकाठी एखादी. मग सुट्टीच्या दिवसांत रांगच लागली. कुणाची साठी जहाजावर, कुणाचं लग्न जहाजावर, महिला मंडळाची सहलही जहाजावर.

"अहो काशीराम, आता काशी-रामेश्वर मागे पडलं," श्यामसुंदर जोग सांगायचे. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. तीन वेळा जहाजावर जाऊन आले होते आणि तिन्ही वेळा त्यांनी चाकं मोडून आणली होती. "पूर्वी सिंगापूरला विमानाने जा, मग बोटीत बसा. आता आपल्या बॅलार्ड पिअरवरून सुटते. संध्याकाळी चढायचं, सकाळी गोवा. आमच्या सोसायटीत तर विचारतात, तुमची क्रूझ झाली का? जसं काही देवीची लसच."

काशीरामचा हातोडा थांबला.

"गोव्याला जाते? मग वेंगुर्ल्यावरून जात असणार."

"समुद्रात कसलं आलंय वेंगुर्लं! पाणी असतं सगळीकडे."

"वेंगुर्ल्याची बत्ती असते, खडकावरचं दीपगृह," काशीराम म्हणाला आणि पुन्हा चाकाकडे वळला. त्या दिवशी त्याने जोगांच्या बॅगेला चाक बसवून दिलं, पण मन कुठे होतं ते त्याचं त्यालाच ठाऊक.

त्याचं लग्न झालं त्या वर्षी मुंबईला येणारी कोकणची बोट अजून चालू होती. तिचे शेवटचे दिवस होते ते. वेंगुर्ल्याला बोट धक्क्याला लागत नसे. पडावात, म्हणजे लहान होडीत बसून खोल पाण्यात जायचं आणि तिथे खलाशी वर ओढून घ्यायचे. बोटीवर पाय पडला की एकच शर्यत: धावायचं आणि सतरंजी पसरायची. जो आधी पसरील त्याची जागा. काशीराम धावला, पण त्यांच्या तिकिटाला खालचा डेक होता. इंजिनाची धग, नारळांची पोती, सुक्या मासळीचा वास, आणि त्यात नव्या नवरीची हिरवी साडी.

जानकीच्या आईने पडावात बसवताना लेकीला सांगितलं होतं, "मी धक्क्यार कंदील धरून उबी रवतलंय. तू वरसून बघ." बोट सुटली तशी जानकी उठली. जिन्यापाशी साखळी लावलेली. पलीकडे गणवेशातला माणूस. त्याने तिकीट बघितलं आणि बोटाने खाली दाखवलं. जानकी परत येऊन सतरंजीवर बसली. खाली खिडकी नव्हती. धक्का कधी दूर गेला, कंदील किती वेळ दिसत होता, तिला काही कळलं नाही.

"जानके, एक दिवस तुका वर नेतलंय," काशीराम म्हणाला होता. "शब्द."

पुढे बोट बंद झाली, रस्ते झाले, रेल्वे आली. जानकीची आई गेली. जानकीने तो विषय पुन्हा काढला नाही. काशीरामनेही नाही. पण दिलेला शब्द त्याला अर्धवट टाक्यासारखा बोचत राहिला.

म्हणून जोग गेल्यावर त्याने टपरीची रविवारची सुट्टी बंद केली. मोठ्या, जड बॅगांचं काम तो पाठीमुळे टाळायचा. तेही घ्यायला लागला. सकाळची शिलाई वाढली तशी जानकीची मेणाची वाटी लवकर रिकामी व्हायला लागली. ती विचारायची, "येवडा काम कित्याक घेतास?" तो म्हणायचा, "गिऱ्हाईक आसा."

तिकीट काढायची वेळ आली तेव्हा मुलाला सांगावंच लागलं. हर्षद अंधेरीला नोकरीला. त्याने मोबाइल काढला. "बाबा, सोडा ना यार. मी हप्त्यावर करतो. तुम्ही कशाला?"

"शब्द मी दिलाय. हप्ता तू का भरणार?"

"बरं. खोली खिडकीची घेऊ?"

"खोली झोपायला. कसलीही घे. वरच्या डेकवर जाता येतं का ते विचार."

"सगळ्यांना येतं, बाबा. आता तसं नसतं."

जानकीला कळलं तेव्हा तिने मेणाची वाटी खाली ठेवली. "तुमका खुळ लागला काय ओ? माझे गुडघे बघा. आणि ह्या जल्मात मी परत बोटीर पाय ठेवचंय नाय."

"कित्याक?"

"परत खाली जा म्हणतले."

दोन दिवस ती बोलली नाही. काशीराम समजावत बसला नाही. त्याने एक नवी बॅग शिवायला घेतली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बॅगा केल्या, स्वतःची नव्हती. जाड कॅनव्हास, चांगली चेन, दुहेरी शिवण. तिसऱ्या दिवशी पहाटे तो धागा ओढायला लागला आणि धागा कुरकुरला. बिनमेणाचा होता. जानकी आतून ऐकत होती. उठली, शेजारी येऊन बसली, धागा त्याच्या हातातून घेतला आणि मेण लावायला लागली. "रवा. असो धागो तुटतलो," एवढंच म्हणाली. बॅग दोघांनी पुरी केली.

निघताना काशीरामने बॅगेत सगळ्यात वर सतरंजी ठेवली. हर्षद हसला. "बाबा, सतरंजी कशाला? ती काय गणपतीची एसटी आहे?"

"असू दे."

जहाज संध्याकाळी सुटणार होतं. ही दोघं सकाळीच बंदरावर जाऊन बसली. दारावरच्या शिपायाने सांगितलं, दुपारी या. काशीराम म्हणाला, आम्ही इथेच थांबतो. जागा धरायची तर आधी पोचायला हवं, हे त्याच्या हाडात मुरलेलं. दुपारी माणसं जमायला लागली तेव्हा त्याने पाहिलं, आख्खं उपनगर लोटलंय. मुलुंड-घाटकोपरचे गुजराती कुटुंबकबिले, एकसारखे टीशर्ट घातलेलं बोरिवलीचं महिला मंडळ, नवी जोडपी, चाकाच्या खुर्चीतल्या आज्या. सामानाच्या पट्ट्यावरून एक लाल बॅग सरकत गेली. तिच्या कोपऱ्यावरचे रिव्हेट त्याने ओळखले. हाताखालून गेलेली होती. बॅगेची मालकीण कोण ते त्याला आठवेना, पण चाक सरळ पळत होतं.

जहाजावर पाय पडला आणि काशीराम धावला. वय विसरून. जानकी गुडघे धरून मागोमाग. चढले त्याच मजल्यावर कठड्याजवळची एक जागा गाठून त्याने सतरंजी पसरली, बॅग टेकवली आणि जानकीला बसवलं. "हलू नको. मी हयच उबो आसंय."

येणारे जाणारे बघत होते. एका पोराने फोटो काढला. शेवटी गणवेशातली एक मुलगी आली. छातीवर नाव होतं: दिशा. जानकीने पदर आवळला.

"आजी, तुमची खोली आहे ना? इथे का बसलात?"

"खोली आहे," काशीराम म्हणाला. "पण ही जागा गेली तर?"

दिशाला आधी कळलं नाही. मग ती खाली वाकली. "काका, कुणी घेत नाही हो जागा. सगळं जहाज तुमचंच आहे. आधी जीवरक्षक जॅकेटचं शिकायचंय, चला. सतरंजी घ्या बरोबर, हरवायला नको."

त्या संध्याकाळी सगळ्या मजल्यांवर गाणी होती, लोक नाचत होते. जानकी जेवली आणि खोलीतच बसली. वर काही गेली नाही. "उद्या बघूया," म्हणाली. काशीरामने आग्रह केला नाही. पण त्याला ठाऊक होतं, उद्या सकाळी गोवा. वेंगुर्लं त्याआधी, उजाडायच्या सुमाराला. पुढे दिवसाउजेडी बत्ती दिसणार नव्हती.

पहाटे चारला दोघांचे डोळे आपोआप उघडले. नळ नव्हता, पाणी भरायचं नव्हतं. काशीराम म्हणाला, "चल."

जानकीने केस बांधले. त्याने सतरंजी काखेत मारली. बाहेर लिफ्ट होती. तो बटण दाबणार तेवढ्यात ती म्हणाली, "माका लिफ्ट नको. जिन्यान जातलंय."

"गुडघे?"

"माझे आसत. मी बघतंय."

ती कठडा धरून चढली. एक पाय, मग दुसरा त्याच पायरीवर. काशीराम मागे, हात न लावता. एका मजल्यावरून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या. शेवटचा जिना उघड्यावर होता. वारा लागला. आणि जिन्याच्या तोंडाशी साखळी.

जानकी थांबली. "बघलात? साखळी आजून आसा."

वर एक माणूस पाइप धरून डेक धूत होता. त्याने यांना पाहिलं आणि हात केला. "काका, धुलाई चालूय. ओलं आहे, घसराल. सहाला उघडतो."

धुणाऱ्याचं म्हणणं खरं होतं. ओल्या जमिनीवर माणूस चालू द्यायचा नसतो, त्यानेही दिला नसता. पण सहाला बत्ती मागे पडलेली असणार.

तेवढ्यात जानकी बोलली. आवाज मोठा नव्हता. "पोरा, तुझा नाव काय?"

"भीमराज. माहुलचा."

"भीमराज, मी अशीच नवी नवरी होतंय तेव्हा ह्याच साखळीसून परत खाली गेलंय. वरसून माझी आवस दिसतली होती, धक्क्यार कंदील धरून. आता परत खाली जावचंय नाय. तू धू. मी हय उबी रवतंय."

भीमराजने पाइप बंद केला. "कुठली बाजू?"

"डावी," काशीराम म्हणाला. "किनाऱ्याची."

भीमराजने पोछा घेतला आणि वरून खाली एकेक पायरी कोरडी करत आला. घाईत होता तरी कोपऱ्यातलं पाणीही काढलं. काशीरामने ते पाहिलं. मग भीमराजने साखळीचा आकडा काढला. "जिना कोरडा आहे. पण वरची फरशी ओलीच. चालणार कशा?"

काशीराम पुढे गेला आणि वरच्या पायरीपासून कठड्यापर्यंत सतरंजी उलगडली. जाड सुताची, पाणी पिऊन जमिनीला घट्ट बसणारी. पाय रोवून स्वतः तिच्यावरून चालून बघितलं. घसरली नाही. "ये."

जानकी चढली. शेवटच्या पायरीवर तिने दोन्ही पाय जोडले, श्वास घेतला आणि सतरंजीवर पाऊल टाकलं. कठड्यापर्यंत गेली.

समोर काळं पाणी, त्यापलीकडे काळी रेघ. काही नाही. काशीराम कठड्यावरून पुढे वाकला. वेळ चुकली की काय?

मग खडकावरची बत्ती पेटली. विझली. पुन्हा पेटली.

"वेंगुर्लां!" जानकी ओरडली. नवरी असताना जो आवाज तिने गिळला होता तो आता सगळ्या डेकभर झाला. "ओ, वेंगुर्लां! त्या बत्तीच्या मागे धक्को. थंय आवस उबी होती. कंदील घेवन. थंय!"

तिने हात वर केला आणि हलवत राहिली. मग काशीरामनेही केला. भीमराज पाइप हातात धरून उभा होता, त्यानेही.

बत्ती मागे गेली तसं उजाडलं. डेक वाळला. माणसं यायला लागली: कुणी व्यायामाला, कुणी चहाचे पेले घेऊन. ही दोघं सतरंजीवर पाय पसरून बसली होती. बोरिवलीच्या मंडळातली एक बाई घुटमळली. "आजी, ही जागा कुणाची धरलेली आहे का?"

जानकी सरकली. सतरंजीवर हात थोपटला.

"बस गो बाये. जागा खूप आसा. वरच्या डेकाचा तिकीट आसा आमचा," ती म्हणाली, आणि काशीरामच्या सुईने भोकं पडलेल्या बोटांवर आपली मेणाने गुळगुळीत झालेली बोटं ठेवली. "आमच्या मजुरीचा."